विस्तार-सेवकांच्या नेमणुका व बदल्या : शेतकऱ्यानें त्या कां वाचाव्या ?

आपल्या मासिकाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपांत ‘नेमणुका, बदल्या व निवृत्ति’ या मथळ्याखालीं चार-सहा ओळी येत असतात. बहुतेक वाचक त्या वाचीत नाहींत, आणि त्यांत त्यांचा फारसा दोष आहे असेंही नाहीं. अमुक विषय विशेषज्ञांची अमुक केंद्रावर बदली झाली, अमुक प्रक्षेत्र व्यवस्थापक सेवानिवृत्त झाले, अमुक जागा रिक्त आहे, एवढेंच त्यांत असतें. बाजारभावाचें पान पुढें असतां हा कोरडा मजकूर कोण वाचील ? तथापि यवतमाळ जिल्ह्यासारख्या कोरडवाहू मुलखांत, जेथें कापूस, तूर व सोयाबीन यांवर घरचा सारा वर्षाचा खर्च अवलंबून आहे, तेथें या चार ओळींचा संबंध शेवटीं बोंडांशीं व शेंगांशीं पोहोंचतो. तो कसा पोहोंचतो, हें या पाठांत दाखवावयाचें आहे.

प्रथम हे सेवक कोण आणि कोणाचे, हें नीट समजून घेतलें पाहिजे; कारण खेड्यांत ‘शेतकीचे साहेब’ या एकाच नांवाखालीं दोन निरनिराळ्या दरबारांचीं माणसें मोडतात. एक दरबार विद्यापीठाचा व दुसरा राज्य शासनाच्या कृषि खात्याचा. विदर्भाचे अकराही जिल्हे ज्याच्या कार्यक्षेत्रांत येतात तें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ अकोला येथें २० ऑक्टोबर १९६९ रोजीं स्थापन झालें. ज्यांचें नांव त्यास दिलें आहे ते भाऊसाहेब पंजाबराव १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्राचे कृषिमंत्री होते, हें सर्वांस ठाऊक आहेच. विद्यापीठ स्थापन झालें तेव्हां राज्याचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, आणि ते तर आपल्याच जिल्ह्यांतील, पुसद तालुक्यांतील गहुली गांवचे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली हीं चारही कृषि विद्यापीठें १९६८ ते १९७२ या त्यांच्याच कारकीर्दींत उभीं राहिलीं.

विद्यापीठाचीं कामें तीन : शिक्षण, संशोधन व विस्तार शिक्षण. पहिल्याचा संबंध मुलांशीं, दुसऱ्याचा प्रयोगाच्या वाफ्यांशीं, आणि तिसऱ्याचा आपल्याशीं. कुलगुरु बदलले म्हणजे वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून येतें. २०२२ मध्यें डॉ. शरद गडाख यांनीं तें पद स्वीकारलें तेव्हांही तसेंच झालें. परंतु जिल्ह्याच्या केंद्रावरील पीक संरक्षणाचा विशेषज्ञ बदलला, ही वार्ता छापली गेली तर आपल्यासारख्या मासिकांतच जावयाची. शेतकऱ्याच्या दृष्टीनें या दोन वार्तांपैकीं दुसरी अधिक निकडीची आहे, असें आमचें मत आहे. कुलगुरु धोरण ठरवितात. डोमकळी मात्र विशेषज्ञानें ओळखावयाची असते.

विद्यापीठाचा विस्तार जिल्ह्यांत ज्या संस्थेच्या द्वारें चालतो ती म्हणजे कृषि विज्ञान केंद्र. हिंदुस्थानांतील पहिलें कृषि विज्ञान केंद्र १९७४ मध्यें पुदुच्चेरी येथें तामिळनाडू कृषि विद्यापीठाच्या देखरेखीखालीं उघडलें. आतां देशांत अशीं सातशेंहून अधिक केंद्रें आहेत. आपल्या सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यांत यवतमाळ येथें विद्यापीठाचें केंद्र आहे, आणि दारव्हा तालुक्यांत सांगवी (रेल्वे) येथें दुसरें आहे. यवतमाळास मध्य विदर्भासाठीं विद्यापीठाचें विभागीय कृषि संशोधन केंद्रही आहे. तें व विज्ञान केंद्र यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. संशोधन केंद्र नवें काय चांगलें तें शोधतें. विज्ञान केंद्र तें आपल्या धुऱ्याच्या आंत टिकतें कीं नाहीं तें पाहतें.

केंद्राची आर्थिक व्यवस्था थोडी चमत्कारिक आहे. पैसा दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचा. महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांतील केंद्रांवर तिच्या वतीनें देखरेख पुणें येथील कार्यालयाची. आणि माणसें नेमण्याचें काम यजमान संस्थेचें, म्हणजे कोठें विद्यापीठाचें, तर कोठें एखाद्या लोकसंस्थेचें. यामुळें जागा रिक्त राहिली म्हणजे तक्रार कोणाकडे करावी, हें शेतकऱ्यास समजत नाहीं. नेमणुकीचा प्रश्न यजमान संस्थेस विचारावा.

एका केंद्रास साधारणपणें सोळा पदें मंजूर असतात. एक वरिष्ठ शास्त्रज्ञ व प्रमुख, ज्यांस पूर्वीं कार्यक्रम समन्वयक म्हणत. सहा विषय विशेषज्ञ. तीन कार्यक्रम सहायक, त्यांत प्रयोगशाळेचा एक, संगणकाचा एक व शेताचा एक. आणि बाकीचे कचेरीचे लेखनिक, वाहनचालक व मदतनीस. म्हणजे सोळांपैकीं ज्यांस पिकाचा प्रश्न विचारावयाचा असे सहाच, फार तर सात. आणि हे सहाही एकाच विषयाचे नसतात. कोणी कृषिविद्येचा, कोणी उद्यानविद्येचा, कोणी पीक संरक्षणाचा, कोणी पशुविज्ञानाचा, कोणी गृहविज्ञानाचा, कोणी विस्ताराचा अथवा अवजारांचा, असे ते असतात. तेव्हां ‘एक जागा रिक्त’ याचा अर्थ केंद्राचें काम सोळावा हिस्सा थांबलें असा करूं नये. पीक संरक्षणाची जागा रिक्त असेल, तर जिल्ह्याच्या त्या केंद्रांत अळीचा जाणता असा माणूसच उरत नाहीं. इतर पांच जण आपापल्या विषयांत कितीही निष्णात असोत.

येथें गृहविज्ञानाच्या पदाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण पुरुष मंडळी त्या नांवास हसतात. लोणचीं-पापडांचें शिक्षण एवढेंच तें काम नव्हे. फवारणीचे कपडे घरांत कोण धुतें, औषधाचा उरलेला डबा घरांत कोठें ठेवला जातो, रिकाम्या डब्यांत कोणी पाणी भरतें काय, हीं चौकशी घरांतील स्त्रियांशीं बोलल्यावांचून होत नाहीं, आणि ती करणारें माणूस बहुधा हेंच. यवतमाळ जिल्ह्यांत ही चौकशी किती मोलाची आहे, तें पुढें येईल.

दुसरा दरबार राज्याच्या कृषि खात्याचा. त्यांत गांवाशीं प्रत्यक्ष गांठ असणारा सेवक म्हणजे कृषि सहायक. २०२५ मध्यें शासनानें या हुद्द्याचें नांव ‘सहायक कृषि अधिकारी’ व त्यांच्या वरील कृषि पर्यवेक्षकाचें ‘उप कृषि अधिकारी’ असें केलें. नांव मोठें झालें ही आनंदाची गोष्ट आहे. गांवें तेवढींच राहिलीं. अनुदान, पीकविमा, पंचनामा, शेततळें, यांत्रिकीकरणाचे अर्ज हें सर्व याच सेवकाच्या माथीं असतें, आणि त्यांतून वेळ उरल्यास पिकाचा सल्ला. म्हणून अनुदानाचा प्रश्न विज्ञान केंद्रावर नेऊं नये व रोगाचें पान तालुका कचेरींत नेऊन तेवढ्यावरच थांबूं नये. दोन्हीकडे आपला वेळ जातो, आणि किडीस वेळ देणें म्हणजे पीक देणें होय.

‘विस्तार’ हा शब्द आला कोठून, हेंही सांगून ठेवतों. इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठानें १८७३ मध्यें आपल्या भिंतींबाहेर, गिरण्यांच्या गांवीं व्याख्यानें सुरू केलीं. विद्यापीठ लोकांपर्यंत ‘विस्तारलें’, असा त्या शब्दाचा मूळ भाव. शेतकीस तो चिकटला अमेरिकेंत, आणि गंमत अशी कीं तो कापसाच्या किडीनेंच चिकटविला. मेक्सिकोंतून आलेल्या बोंडभुंग्यानें टेक्सासचा कापूस खाण्यास आरंभ केला, तेव्हां १९०३ मध्यें सीमन नॅप या गृहस्थांनीं टेरेल गांवाजवळ पोर्टर नांवाच्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतांत प्रात्यक्षिक मांडलें. सरकारी प्रयोगक्षेत्रावरचें पीक शेतकरी पाहत, मान हालवीत आणि घरीं जाऊन आपलें जुनेंच करीत. म्हणून नॅप यांनीं शेत शेतकऱ्याचें, मेहनत शेतकऱ्याची व रीत तेवढी आपली, असा प्रकार केला. नुकसान झाल्यास भरून देण्यासाठीं गांवच्या लोकांनीं आधीं वर्गणी जमवून ठेविली होती. नुकसान झालें नाहीं. यांतूनच पुढें १९१४ चा स्मिथ-लीव्हर कायदा झाला, आणि विद्यापीठाचा एक सेवक प्रत्येक परगण्यांत राहूं लागला. त्याचा खर्च केंद्र, प्रांत व स्थानिक लोक यांनीं वांटून उचलावा, असा त्यांतील बेत होता. ज्यांनीं वर्गणी दिली ते त्या सेवकाच्या बदलीची वार्ता वाचल्यावांचून राहत नसतील, हें उघड आहे.

आपल्या वऱ्हाडांतही ही गोष्ट अगदींच नवी नव्हती. नागपूरचें शेतकी कॉलेज १९०६ चें. त्या काळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत शेतकी असिस्टंट फिरत, आणि तालुका शेतकी मंडळ्या त्यांच्या हातून बी व अवजारें घेत. त्या वेळीं रोझियम नांवाची कापसाची जात खात्यानें वऱ्हाडांत पसरविली. तिचा धागा आंखूड व जाडाभरडा, परंतु रुईचा उतारा भरपूर व मर रोगास ती टिकाऊ. म्हणून शेतकऱ्यानें ती उचलली, आणि गिरणीवाल्यांनीं नाक मुरडलें. पुढें अकोल्याच्या संशोधनांतून व्हेरम जातीचे वाण आले. या जुन्या गोष्टींत लक्षांत घेण्यासारखें एवढेंच, कीं शिफारस एकदां केली म्हणजे ती कायमची होत नाहीं. ती बदलते, आणि बदल सांगणारा माणूस गांवापर्यंत पोहोंचला नाहीं, तर शेतकरी दहा वर्षांपूर्वींच्या सल्ल्यावर पीक घेत राहतो.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजीं समूह विकास योजना निघाली, तिच्याबरोबर ग्रामसेवक आला. १९७४ नंतर डॅनिएल बेनोर यांची ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धति देशांत आली. तिच्यांत सेवकानें ठराविक पंधरवड्यास, ठराविक वारीं, ठराविक शेतावर हजर राहावें असा दंडक होता. पद्धतींत दोष पुष्कळ निघाले व पुढें ती मोडली. परंतु अमुक वारीं माणूस धुऱ्यावर येणार हें ज्यांत शेतकऱ्यास ठाऊक असे, अशी दुसरी व्यवस्था त्यानंतर झाली नाहीं. तिच्याविषयीं वाईट बोलणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

आतां बदल्यांच्या पंचांगाकडे वळूं. राज्य शासनाच्या सेवकांच्या बदल्यांसाठीं २००५ चा कायदा आहे. त्यान्वयें एका जागेवरील सर्वसाधारण मुदत तीन वर्षें, आणि सर्वसाधारण बदल्या वर्षांतून एकदां, एप्रिल किंवा मे महिन्यांत. मुलांच्या शाळेच्या दृष्टीनें हा काळ सोयीचा आहे. शेतीच्या दृष्टीनें पाहावें तर नवा सहायक गांवांची नांवें शिकत असतो, तों मृग लागतो. ज्या पंधरवड्यांत बियाण्याची उगवण, पेरणीची घाई, खताची टंचाई हीं सारीं एकदम येतात, त्याच पंधरवड्यांत त्याला कोणत्या शिवारांत भारी काळी आणि कोणत्या शिवारांत बरड, हेंही ठाऊक नसतें. विद्यापीठाच्या सेवकांस नियम निराळे आहेत. पण केंद्रावरचें माणूस बदललें म्हणजे अडचण तीच.

निवृत्तीचेंही असेंच एक पंचांग आहे. आपल्याकडे मागल्या पिढीच्या मुलांची जन्मतारीख शाळेंत घालतांना गुरुजी सोयीसाठीं १ जून किंवा १ जुलै लिहीत, हें कोणत्याही गांवच्या दाखल्यांवरून दिसेल. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सेवक नियमाप्रमाणें आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीं निवृत्त होतो. म्हणून ३१ मे व ३० जून या दिवशीं कचेऱ्यांतून हारतुरे फार होतात. तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव घेऊन एक जाणता माणूस नेमका पेरणीच्या तोंडावर घरीं जातो. गुरुजींचा हेतु वाईट नव्हता. परंतु एका पिढीचा अनुभव त्यांनीं खरिपाच्या आरंभींच मोकळा करून ठेविला खरा.

माणसाबरोबर काय जातें, हें एका उदाहरणानें सांगतों. २००२ मध्यें बीटी कपाशीस परवानगी मिळाली व २००६ पासून दोन जनुकांचें बियाणें आलें. कांहीं वर्षें बोंडअळीची चिंता उरली नाहीं. मग गुलाबी बोंडअळीनें प्रथम एका जनुकास व पुढें दोन्हींस दाद देईनाशी केली, आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भ-मराठवाड्यांत तिनें मोठें नुकसान केलें. या अळीची खोड अशी कीं ती बोंडांत शिरली म्हणजे बाहेरून कांहींच दिसत नाहीं. बोंड हिरवेंगार असतें व आंत सरकी पोखरलेली असते. ती ओळखण्याच्या रीती सोप्या आहेत, पण त्या हातानें दाखवाव्या लागतात. फुलें येऊं लागलीं म्हणजे न उमलतां पाकळ्या एकमेकींस चिकटून राहिलेलीं, गुलाबाच्या कळीसारखीं दिसणारीं फुलें शोधावीं, हीच डोमकळी. ती तोडून आंतील अळीसह नष्ट करावी. एकरीं दोन कामगंध सापळे लावावे. एका सापळ्यांत सतत तीन रात्री सरासरी आठ किंवा अधिक पतंग आले तर उपाय करण्याची वेळ आली असें समजावें. शेतांत आडवें-तिडवें हिंडून वीस हिरवीं बोंडें तोडावीं व फोडून पाहावीं; दोनांत अळी निघाली तर दहा टक्के प्रादुर्भाव, म्हणजे उंबरठा ओलांडला. आणि डिसेंबरनंतर चार बोंडांच्या लोभानें फरदड ठेवूं नये, कारण पुढच्या वर्षाची अळी तींतच सांभाळली जाते.

हें सर्व छापील पत्रकांत असतें. परंतु कोणत्या गांवच्या जिनिंगजवळ पतंग आधीं दिसतात, कोणत्या शिवारांत मेमध्येंच पाणी देऊन कपाशी लावतात व त्यामुळें अळीस लवकर आसरा मिळतो, कोणता शेतकरी सापळ्याची नोंद खरी ठेवतो व कोणता विचारल्यावर आंकडा सांगतो, हें पत्रकांत नसतें. तें विशेषज्ञाच्या डोक्यांत असतें, फार तर त्याच्या खाजगी डायरींत. त्याची बदली झाली म्हणजे डोकें व डायरी दोन्ही दुसऱ्या जिल्ह्यांत जातात. शेतावरील चाचण्यांचें तर याहून वाईट होतें. शेतकऱ्याची रीत एका तुकड्यांत व शिफारशीची रीत दुसऱ्या तुकड्यांत घेऊन दोन-तीन हंगाम तुलना केल्यावांचून कोरडवाहू जमिनींत कांहीं ठरत नाहीं, कारण एका वर्षाचा पाऊस दुसऱ्यासारखा नसतो. मधल्या वर्षीं माणूस बदलला, नव्यानें नवा विषय घेतला, कीं पहिल्या वर्षाची मेहनत अर्धवट राहते. शेतकरी म्हणतो, ‘ते साहेब गेले, तें कामही गेलें.’

आतां २०१७ च्या पावसाळ्यांतील दुसऱ्या, अधिक दुःखाच्या गोष्टीकडे येतों. त्या वर्षीं ऑगस्टपासून पुढें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेकडों शेतकरी व शेतमजूर यांस विषबाधा झाली. वीसाहून अधिक मृत्यु पावले. शासनानें विशेष तपासणी पथक नेमलें व देशभर या जिल्ह्याचें नांव झालें. कारणें एक नव्हतीं. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, म्हणून फवारा वर धरावा लागे व तुषार तोंडावर येत. हवा दमट, कपडे घामानें भिजलेले. जोराचे यांत्रिक पंप. दोन-तीन कीटकनाशकें, त्यांत वाढीचीं द्रव्यें, एकाच टाकींत कालविलेलीं. तोंडास साधा रुमाल व हातास कांहींच नाहीं. मजुराची रोजी दिवसावर, म्हणून चक्कर आली तरी तो काम सोडीत नसे.

या मिश्रणांचा सल्ला शेतकऱ्यास कोणी दिला, असा प्रश्न त्या वेळीं सर्वांनीं विचारला. आम्ही तो थोडा फिरवून विचारतों : सल्ला मागावयास शेतकऱ्यास दुसरें कोण होतें ? गांवाच्या वाटेवर, रात्रीं आठपर्यंत उघडें, उधार देणारें व नांवानें हांक मारणारें ठिकाण म्हणजे औषधाचें दुकान. रिक्त जागा ही रिक्त राहत नसते. तिच्यावर कोणी तरी येऊन बसतोच, आणि जो बसतो त्याचें पोट विक्रीवर असतें. दुकानदारांस सरसकट दोष देणें अन्यायाचें आहे. त्यांतील पुष्कळ जण जाणते आहेत, आणि हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेनें त्यांच्यासाठीं ‘देसी’ नांवाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रमही चालविला आहे. परंतु ‘या वेळीं कांहींच फवारूं नका’ हा जो सल्ला पुष्कळदां खरा असतो, तो देण्यास दुकानदारास मोबदला मिळत नाहीं. तो देण्यासाठींच आपण विस्तार-सेवकास पगार देतों.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग तरी प्रत्येक घरांत ठाऊक असावा : लाल अत्यंत विषारी, पिवळा फार विषारी, निळा मध्यम, हिरवा त्याहून सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाहीं. वाऱ्याच्या उलट दिशेस फवारूं नये. लेबलावर सांगितलेलें नसतां दोन औषधें कालवूं नयेत. आणि बाधा झाल्यास रोग्याबरोबर डबा दवाखान्यांत न्यावा, म्हणजे डॉक्टरांस विष ओळखण्यांत वेळ जात नाहीं. हें शिकविण्यास विशेषज्ञ असेल तर उत्तम. नसेल तर हें शिक्षण पुढच्या नेमणुकीपर्यंत थांबवूं नये.

तेव्हां उपाय काय ? बदल्या थांबविणें आपल्या हातीं नाहीं, आणि थांबवूंही नयेत. एकाच जागीं वीस वर्षें बसलेल्या सेवकाचेही तोटे आहेत. आपल्या हातीं आहे तें ज्ञान गांवांत अडकवून ठेवणें. यासाठीं प्रत्येक शाखेनें एक शिवार-वही ठेवावी, असें आम्ही सुचवितों. जेथें केंद्राचें प्रात्यक्षिक अगर चाचणी असेल त्या शेताचा गट क्रमांक, जमिनीची खोली, वाण, पेरणीची तारीख, पावसाचे दिवस, फवारण्यांच्या तारखा व औषधाचें नांव, दर आठवड्याचे सापळ्यांतील पतंग, आणि शेवटीं उतारा व खर्च, हें त्या शेतकऱ्यानेंच लिहावें. मूळ वही शेतकऱ्याजवळ, नक्कल शाखेजवळ, आणि तिसरी नक्कल विशेषज्ञास. सेवक गेला तर तिसरी नक्कल जाईल, दोन उरतील.

वही लिहितांना हिशेब पुरा लिहावा, कारण प्रात्यक्षिकांचे आंकडे बहुधा अर्ध्यावर थांबतात. समजा, एका एकरांत शेतकऱ्याच्या रीतीनें ६ क्विंटल कापूस आला व शिफारशीच्या रीतीनें साडेसात. भाव क्विंटलास ७,००० रुपये धरला तर वाढीव दीड क्विंटलाचे १०,५०० रुपये झाले. शिफारशीचा वाढीव खर्च २,८०० रुपये. पत्रकांत वजाबाकी करून ७,७०० रुपये फायदा दाखवितात. परंतु तो दीड क्विंटल वेचण्याची मजुरी, किलोस १० रुपयांप्रमाणें, १,५०० रुपये होते ती कोण देणार ? ती वजा जातां ६,२०० रुपये उरतात. फायदा आहेच, पण जो ७,७०० ऐकून आला व ६,२०० घेऊन गेला, तो पुढच्या वर्षीं सेवकावर विश्वास ठेवीत नाहीं. खरा आंकडा आधीं सांगितला असता तर तो समाधानानें गेला असता.

सोयाबीनच्या बाबतींत एक गोष्ट माणूस गेल्यावरही टिकून राहिलेली दिसते, ती म्हणजे घरच्या बियाण्याची उगवण पाहणें. सोयाबीन स्वपरागित असल्यामुळें चांगल्या सरळ वाणाचें बी दोन-तीन वर्षें घरचें वापरतां येतें. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ओळीनें गुंडाळून ठेवावे व सातव्या-आठव्या दिवशीं मोजावे. सत्तर किंवा अधिक चांगले उगवले तर बी पेरण्याजोगें. ही रीत कां टिकली ? ती सांगावयास तज्ज्ञ लागत नाहीं, एका घरानें केलेली दुसऱ्या घरास दिसते, आणि तिच्यांत कोणाचा माल खपत नाहीं. ज्या शिफारशीस हे तीन गुण देतां येतील, तिला बदलीचें भय नाहीं.

रिक्त जागांविषयीं विचारण्याचेही मार्ग आहेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यांतील चौथ्या कलमान्वयें प्रत्येक सार्वजनिक कचेरीनें आपल्या अधिकारी-सेवकांची यादी आपण होऊन प्रसिद्ध करावयाची असते. ती मागण्यांत संकोच नसावा. प्रत्येक कृषि विज्ञान केंद्रास एक शास्त्रीय सल्लागार समिति असते, तिच्यांत शेतकऱ्यांचेही प्रतिनिधि असतात. आपले प्रतिनिधि कोण, हें विचारून घ्यावें व त्यांच्या हातीं तीन आंकडे द्यावे : कोणत्या विषयाची जागा रिक्त, किती महिने रिक्त, आणि त्या काळांत त्या विषयाचे किती प्रश्न शाखेंतून अनुत्तरित परत आले. तिसरा आंकडा वहीवांचून मिळत नाहीं. ‘आमच्याकडे लक्ष देत नाहींत’ या वाक्यावर सभेंत कोणी कांहीं लिहून घेत नाहीं. आंकडा मात्र कार्यवृत्तांत जातो.

जागा भरेपर्यंत दूरध्वनीची सोय आहे. २००४ पासून किसान कॉल सेंटर चालू आहे व मराठींत उत्तर मिळतें. त्याचा उपयोग करावा. परंतु दुरून बोलणाऱ्यास आपलें पान दिसत नाहीं, म्हणून पिकाचे दिवस, जमीन, शेवटचा पाऊस व मागील फवारणी हें आधीं सांगावें. पावसाळ्यांत कृषि महाविद्यालयाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठीं गांवीं राहावयास येतात. त्यांस कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. मुलें म्हणून त्यांस चहा पाजून परत पाठवूं नये. सापळ्यांची नोंद व बोंडें फोडून मोजणें हें काम त्यांच्याइतकें नेमकें क्वचित् कोणी करतो, आणि वही अद्यावत् करून घेण्यास त्यांच्यासारखे हात नाहींत.

शेवटीं, नवा माणूस रुजू झाल्याची ओळ या मासिकांत वाचली म्हणजे काय करावें तें सांगतों. सत्काराची घाई करूं नये. पहिल्या पंधरवड्यांत शाखेच्या दोघां-तिघांनीं वही घेऊन केंद्रावर जावें, त्यांचा विषय विचारावा, आणि त्यांस गांवीं बोलावून तीन शेतें दाखवावीं : एक शाखेंतील सर्वांत चांगलें, एक अर्धवट राहिलेल्या चाचणीचें, आणि एक असें कीं जेथें शिफारस पाळूनही पीक बसलें. पहिलें शेत दाखविण्यास सर्व जण तयार असतात. तिसऱ्याचा मालक बहुधा लाजतो. त्याला आदल्या दिवशीं समजावून ठेवावें, व त्याच्या धुऱ्यावर जातांना हातांत कुदळ असूं द्यावी, म्हणजे दीड हात खोदून खालीं मुरूम किती वर आहे तें नव्या माणसास तेथल्या तेथें दाखवितां येईल.